चार पंचांगांचा बाजार

२०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला गेली, २०२४ साली ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. मखराचे सामान, विजेच्या माळा, अगरबत्ती, रांगोळी आणि गणपतीच्या डोक्यावर टांगल्या जाणाऱ्या माटवीला बांधायची फळेफुले विकणाऱ्या मालवणातल्या दुकानदाराने या चार वर्षांचा फक्त ऑगस्टचा खप एकाखाली एक लिहिला, तर धंदा एका वर्षी उसळलेला, पुढची दोन वर्षे बसलेला आणि चौथ्या वर्षी पुन्हा उसळलेला दिसेल. गिऱ्हाईक तेच, घरे तीच, घरोघरचे गणपतीही जवळजवळ तितकेच. हलली ती तारीख. वहीतला आकडा खरा असूनही त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा ठरतो, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे नसेल.

हंगामी मालाच्या विक्रीचा अंदाज हा या संग्रहाचा विषय. हंगामी माल कशाला म्हणायचे हे आधी ठरवून घेऊ. वर्षातला बहुतेक खप मोजक्या दिवसांत उरकणे, ते दिवस सरले की मालाची किंमत उतरणे किंवा शून्य होणे, आणि माल भरण्याचा निर्णय मात्र गिऱ्हाईक दारात येण्याच्या कितीतरी आधी घ्यावा लागणे, ही त्याची तीन लक्षणे. राखी, आकाशकंदील, फटाके, छत्री, रेनकोट, शाळेच्या वह्या, दिवाळी अंक, नव्या वर्षाचे कॅलेंडर, जत्रेतले खाजे हा सगळा त्यातला माल. साखर किंवा तांदूळ जास्त भरला गेला तर चूक पुढच्या महिन्यात निस्तरता येते. राखीची चूक निस्तरायला पुढची नारळी पौर्णिमा उजाडावी लागते.

त्यामुळे या धंद्यात अनुभव सावकाश साठतो. तीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसानेही चतुर्थ्या तीसच पाहिलेल्या असतात. त्यातल्या एखाद्या वर्षी पूर आलेला असतो, एखाद्या वर्षी महामारी, कधी नवा रस्ता झालेला असतो तर कधी समोर नवे दुकान उघडलेले. उरलेल्या मोजक्या वर्षांवरून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधायचा असतो. विषय अवघड आहे तो गणितामुळे नव्हे. हाती असलेला पुरावा थोडा आहे म्हणून.

मालवणची निवड आम्ही मुद्दाम केली. इथे वर्ष एका पंचांगाने चालत नाही. चार पंचांगे एकाच वेळी चालू असतात.

पहिले तिथीचे. नागपंचमी, नारळी पौर्णिमा, चतुर्थी, दिवाळी, पाडव्याला शहरात फिरणारी देव रामेश्वर-नारायणाची पालखी, मग कार्तिकापासून गावोगाव लागणाऱ्या जत्रा, रात्रभर चालणारे दशावतार, खाज्याच्या राशी, आणि महाशिवरात्रीची कुणकेश्वरची यात्रा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने हे सगळे सण दरवर्षी तितके अलीकडे सरकतात, आणि अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून चतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत लांबली. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला आहे. हा धोंड्याचा महिना स्वतःही एक हंगाम आहे. जावयाच्या वाणासाठी अनारसे, तांब्याची भांडी, चांदीची निरांजने यांची मागणी साधारण साडेबत्तीस महिन्यांतून एकदा उठते. तिला गेल्या वर्षीच्या आकड्याचा काडीचाही उपयोग नसतो. त्याच महिन्यात लग्ने थांबतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन लग्नसराईत पडतो, हे कापडवाल्याने आणि भांडीवाल्याने माल भरण्याआधीच पाहिलेले बरे.

दुसरे पंचांग इंग्रजी तारखेचे. मे महिन्याची सुट्टी, जूनच्या मध्यावर उघडणाऱ्या शाळा, नाताळ ते ३१ डिसेंबर. हे स्थिर वाटते, पण त्यातही वार फिरतो. २६ जानेवारी २०२४ साली शुक्रवारी आली आणि तीन दिवसांची जोडसुट्टी झाली. २०२५ साली ती रविवारी आली आणि सुट्टी बुडाली. २०२६ साली सोमवारी आल्याने पुन्हा तीन दिवस मिळाले. तारकर्ली-देवबागला येणारा पुण्या-कोल्हापूरचा पर्यटक तारीख नंतर बघतो, वार आधी. कोकम आगळ, काजू, मालवणी मसाला आणि किनाऱ्यावर लागणाऱ्या टोप्या-चपला यांचा खप त्याच्या वारावर ठरतो.

तिसरे पंचांग समुद्राचे आणि पावसाचे. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि स्कूबाचा धंदा थांबतो. पाऊस एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कोकणात पोचतो. २०२५ साली तो २५ मे रोजीच देवगडपर्यंत आला. त्या वर्षी छत्र्या, ताडपत्र्या आणि गमबूट यांचा हंगाम जवळजवळ दोन आठवडे आधी उघडला आणि पर्यटकांचा मेअखेरचा आठवडा पाण्यात गेला. एकाच पावसाने एका दुकानाचे कपाट रिकामे केले आणि शेजारच्या दुकानातले सरबत तसेच ठेवले. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा तर टाळेबंदी आणि वादळ एकाच वेळी अंगावर आले होते.

चौथे पंचांग देवीच्या कौलाचे. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीतली भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला होत नाही, ठरलेल्या तारखेलाही नाही. कौल लागतो, मग तारीख जाहीर होते. २०२३ साली ती ४ फेब्रुवारीला झाली, २०२४ साली २ मार्चला, २०२५ साली २२ फेब्रुवारीला. मुंबईहून चाकरमानी या एका दिवसासाठी गावी उतरतो. खाजेवाला, खेळणीवाला, नारळवाला आणि हॉटेलवाला सगळे या तारखेची वाट पाहत असतात. जगातले कोणतेही सूत्र ही तारीख आधी सांगू शकणार नाही. ती जाहीर झाली, की मात्र ‘जत्रेच्या आधी इतके दिवस, जत्रेनंतर इतके दिवस’ अशी मोजदाद लगेच सुरू करता येते.

शिवाय ही चारही पंचांगे एकमेकांत अडकलेली आहेत. मासेमारी बंदी उठल्यापासून चतुर्थीपर्यंत २०२५ साली सत्तावीस दिवस मिळाले, २०२३ साली पन्नास. दोन महिने होडी किनाऱ्यावर ओढून बसलेल्या घरात चतुर्थीच्या खरेदीसाठी किती पैसा आला असेल, हे या अंतरावर बरेच अवलंबून असते. ‘यंदा गणपती बेगीन इले’ असे बाजारात म्हटले जाते, तेव्हा त्यात नुसती तारीख नसते. हातातला पैसा, पावसाचा जोर, मिळणारी मासळी यांचा सगळा हिशेब त्या वाक्यात आलेला असतो.

हा हिशेब नवा नाही. मुंबई-गोवा किनारी आगबोटींचा काळ होता तेव्हा पावसाळ्यात वाहतूक बंद पडे. मालवण बंदरावर शेवटची बोट लागून गेली, की चार महिन्यांचा माल दुकानात असलाच पाहिजे. पुन्हा मागवण्याची सोय नाही. घरोघरी सुकी मासळी, मसाला, आमसुले, पापड यांची बेगमी चाले आणि दुकानदार तीच बेगमी मोठ्या प्रमाणावर करी. त्या व्यापाऱ्यांनी कोणताही ग्रंथ लिहिला नाही. पण एकदाच माल भरायचा आणि परिणाम भोगायचा, या प्रश्नाचे सगळे पैलू त्यांना ठाऊक होते. पुढे घाटरस्ते सुधारले, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि कोल्हापूर-बेळगावचा माल फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानात पडू लागला. अंदाज चुकला तरी निभावू लागले. निभावते म्हणून आपण अंदाज बांधणे विसरलो, हे त्या सोयीचे मोल.

चार पंचांगांपैकी दोन एका पानावर आणण्याचे काम मालवणात जन्मलेल्या माणसाने केले, ही नोंद इथे अवश्य हवी. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले. तारखेच्या चौकटीत तिथी, सण, नक्षत्र आणि सुट्ट्या बसवलेले हे कॅलेंडर दुकानदाराच्या दृष्टीने अंदाजाचे पहिले साधन. आणि ते स्वतःही कमालीचा हंगामी माल. वर्षाच्या अखेरीस त्याची विक्री चालते. फेब्रुवारीत उरलेला गठ्ठा रद्दीत जातो. दिवाळी अंकांचेही तेच. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून प्रत्येक संपादकापुढे दर आश्विनात एकच प्रश्न उभा असतो: प्रती किती छापायच्या? कमी छापल्या तर वाचक परत जातो, जास्त छापल्या तर गठ्ठे घरात राहतात, आणि पुन्हा छापायला वेळ नसतो.

आता या विषयाचे शास्त्र. त्यात पाच-सहा परंपरा आहेत आणि प्रत्येकीला वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

सर्वांत जुनी परंपरा फोड करण्याची. विक्रीच्या आकड्यांत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: दीर्घकाळचा चढ-उतार, हंगामाची ठरावीक लय, आणि उरलेली गडबड. त्या सुट्या करायच्या. अमेरिकेच्या जनगणना विभागात ज्युलियस शिस्किन यांच्या पुढाकाराने १९६५ साली तयार झालेली ‘एक्स-११’ पद्धत हे या परंपरेचे ठळक फळ. सरकारी आकडेवारीतून हंगाम वजा करण्यासाठी तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. याच परंपरेला फिरत्या सणांचा प्रश्न पहिल्यांदा नीट भेटला. ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. चिनी नववर्ष कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत. रमजान तर दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपले सण महिनाभराच्या पट्ट्यात मागेपुढे होतात. उपाय सगळीकडे एकच निघाला: महिन्याचे आकडे बाजूला ठेवा आणि सणापासूनचे दिवस मोजा.

दुसरी परंपरा ताज्या आकड्याला जास्त वजन देणारी. रॉबर्ट ब्राऊन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी काम करताना तिचा पाया घातला आणि पुढे सुट्या भागांच्या साठ्याला ती लावली. चार्ल्स होल्ट यांनी १९५७ साली तीत चढ-उताराची भर घातली. पीटर विंटर्स यांनी १९६० साली हंगामाची. होल्ट-विंटर्स या नावाने ती आज अनेक संगणकी तक्त्यांत बसली आहे. कल्पना साधी आहे: जुना अंदाज पूर्ण फेकायचा नाही आणि नव्या आकड्यावर पूर्ण विसंबायचेही नाही; चूक किती झाली ते पाहून तेवढ्या प्रमाणात अंदाज सरकवायचा.

तिसरी परंपरा जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेनकिन्स यांची. १९७० सालच्या त्यांच्या ग्रंथाने आकड्यांच्या मालिकेतले आतले नाते शोधण्याची शिस्त दिली. विद्यापीठांत ती अजूनही मानाची आहे. पण तिला लांबलचक, अखंड मालिका लागते. मालवणच्या राखीवाल्याकडे ती नसते, म्हणून या संग्रहात तिला जागा थोडी आहे.

चौथी परंपरा निर्णयाची, आणि आमच्या मते दुकानदाराला सर्वांत उपयोगी. १८८८ साली एजवर्थ यांनी बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी हा प्रश्न गणितात मांडला. १९५१ साली अ‍ॅरो, हॅरिस आणि मार्शाक यांनी साठ्याच्या धोरणाला आजचे रूप दिले. पाठ्यपुस्तकांत हा ‘वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणून येतो: सकाळी किती अंक उचलायचे? उत्तर खपाच्या अंदाजाइतकेच दोन चुकांच्या किमतीवरही ठरते.

आकडे घालून पाहू. समजा, माटवीच्या सामानाचा एक वाटा तुम्ही तीस रुपयांना घेता आणि पन्नासला विकता. वाटा कमी पडला तर वीस रुपयांचा नफा हुकला. उरला तर चतुर्थीच्या संध्याकाळी कवंडळाला आणि हरणाच्या फुलांना कोणी विचारत नाही; पूर्ण तीस रुपये गेले. वीसला वीस अधिक तीसने भागले की ०.४ येतात. म्हणजे दहापैकी चार वर्षी मागणी भागेल आणि सहा वर्षी कमी पडेल, इतकाच माल भरणे फायद्याचे. आता समजा, छत्री दोनशेला घेऊन दोनशे ऐंशीला विकता. कमी पडली तर ऐंशी हुकले. उरली तर ती पुढच्या वर्षी विकता येते. अडकलेले पैसे आणि जागा धरून वीस रुपयांचा फटका. ऐंशीला शंभराने भागले, ०.८. इथे दहापैकी आठ वर्षी पुरेल इतका माल हवा. दोन्ही मालांच्या खपाचा अंदाज समजा सारखाच आहे, तरी खरेदी वेगळी. ‘गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त’ हा एकच नियम सगळ्या मालाला लावणारा दुकानदार एकीकडे नुकसान सोसतो आणि दुसरीकडे नफा सोडतो.

पाचवी परंपरा आगाऊ खुणांची. अमेरिकेतल्या आस्पेन गावच्या ‘स्पोर्ट ओबरमेयर’ या बर्फावरचे कपडे करणाऱ्या कंपनीबरोबर मार्शल फिशर आणि अनंत रामन यांनी केलेले काम १९९० च्या दशकात गाजले. त्यातल्या युक्त्या दोन. एक, कंपनीतल्या जाणत्या माणसांना एकत्र बसवून एकमत घेण्याऐवजी प्रत्येकाकडून वेगळा अंदाज घ्यायचा. अंदाज जवळजवळ आले तर माल निर्धास्त करायचा, लांब लांब पडले तर थांबायचे. दोन, मोठ्या दुकानदारांच्या पहिल्या मागण्या लवकर मिळवायच्या, कारण त्या थोड्याशा मागण्यांतूनही हंगामाचा कल कळतो.

ही दुसरी युक्ती कोकणाला जुनी आहे. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवल्या जातात तिथे, घरोघरचे पाट आधीच येऊन पडतात. नागपंचमीपासून चतुर्थीपर्यंत साधारण महिना असतो. तोवर मूर्तिकाराला मूर्ती किती, कोणाकडे आणि केवढी हे माहीत झालेले असते. पाट देणे ही आगाऊ मागणीच. म्हणून सगळ्या हंगामी मालांत घरगुती गणेशमूर्तीचा अंदाज सर्वांत कमी चुकतो. तोच गणपती ज्या मखरात बसतो त्या मखराचा अंदाज मात्र वारंवार चुकतो, कारण मखराचा पाट कोणी देत नाही. ज्या मालाला अशी आगाऊ नोंदणी नाही, तिथे ती कशी उभी करता येईल, हा या संग्रहातला एक मोठा धागा आहे.

सहावी परंपरा संगणकाची. स्पायरोस माक्रिडाकिस यांनी १९८२ साली १००१ मालिकांवर वेगवेगळ्या पद्धतींची स्पर्धा लावली. साध्या पद्धती अवघड पद्धतींच्या बरोबरीने उतरतात असे दिसले. २०२० सालच्या पाचव्या स्पर्धेत वॉलमार्टच्या विक्रीच्या ४२,८४० मालिका होत्या. पहिले क्रमांक यंत्रशिक्षणाने पटकावले. पण भाग घेतलेल्या पाच हजारांहून अधिक संघांपैकी बहुसंख्यांना साध्या भारित सरासरीच्या पद्धतीलाही मागे टाकता आले नाही. २०१७ साली फेसबुकने खुल्या केलेल्या ‘प्रॉफेट’ या साधनात सणांची यादी आपण घालू शकतो. स्थानिक दिवसांची यादी मात्र आपल्याला करावी लागते. चतुर्थी ठाऊक असलेले यंत्रही आंगणेवाडीचा कौल, मासेमारी बंदी आणि पाडव्याची पालखी सांगितल्याशिवाय ओळखणार नाही.

या सगळ्या परंपरांना एक आंधळी जागा आहे. वहीत लिहिला जातो तो खप. मागणी लिहिली जात नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी विजेच्या माळा संपल्या आणि संध्याकाळपर्यंत आलेल्या प्रत्येकाला ‘संपलो’ एवढेच उत्तर मिळाले, तर वही सांगते की साठ माळा खपल्या. पुढच्या वर्षी दुकानदार पुन्हा साठ आणतो, पुन्हा दुपारी संपतात, आणि अंदाज अगदी बरोबर आला असे त्याला वाटते. माल किती खपला यापेक्षा कधी संपला ही नोंद कित्येकदा जास्त सांगून जाते.

हा विषय आत्ताच का, याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. पावसाचे वेळापत्रक बिघडते आहे. २०२५ चा मे महिना त्याची साक्ष. चाकरमानी सजावटीचे सामान मुंबईहून घेऊन येतो किंवा मोबाइलवरून थेट गावच्या पत्त्यावर मागवतो. गावात येणारी माणसे मोजून गावातला खप आता कळत नाही. सरकारी निर्णय एका दिवसात मालाची किंमत बदलतो: २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा आधीच्या वर्षीची उरलेली मखरे पुढच्या वर्षीचा माल राहिली नाहीत. आगाऊ खुणांची मुदतही बदलते. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. गणपतीच्या गाड्या किती लवकर भरतात यावरून गर्दीचा अदमास घेणाऱ्याला आता निम्माच अवधी मिळतो.

दुसऱ्या बाजूला, पुरावा पहिल्यांदाच हाती येतो आहे. बिलाचे यंत्र आणि मोबाइलवरून होणारे पैशांचे व्यवहार यांमुळे छोट्या दुकानातही दिवसवार नोंदी आपोआप साठू लागल्या आहेत. त्या नोंदींना संदर्भ जोडणे हे माणसाचे काम. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला आणि शहर माणसांनी भरून गेले. ते आकडे पुढच्या डिसेंबरच्या अंदाजात तसेच घातले तर माल अंगावर पडेल. २०२० ची चतुर्थी २२ ऑगस्टला, महामारीच्या निर्बंधांत झाली. ते वर्ष सरासरीत धरले तर माल कमी पडेल. अशी वर्षे पुसून टाकायची नसतात. त्यांच्यापुढे कारण लिहून ठेवायचे असते.

या संग्रहातले लेख या भूमिकेतून एकत्र आणले आहेत. मांडणी मालाच्या प्रकारांनी न करता पंचांगांनी केली आहे: तिथीचा माल, तारखेचा माल, पावसाचा माल, कौलाचा माल, आणि शेवटी एकाहून अधिक पंचांगांवर चालणारा माल. वाचकाने आपल्या दुकानातली प्रत्येक वस्तू आधी यांपैकी कोणत्या खणात बसते ते ठरवावे, गणित त्यानंतर. गणितही सरासरी, गुणोत्तर आणि वर केलेल्या भागाकारापलीकडे फारसे जात नाही. त्याहून पुढे जाऊ इच्छिणाऱ्या वाणिज्य किंवा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाट दाखवली आहे, पण ती सक्तीची नाही.

काही गोष्टी या पुस्तकात जाणूनबुजून नाहीत. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याचा सल्ला नाही, कारण तो सल्ला पुस्तकाआधी जुना होतो. हापूसच्या पेट्यांचा भाव काय फुटेल याचे भाकीत नाही. तिथे प्रश्न मागणीइतकाच मोहोराचा आणि हवामानाचा असतो, आणि तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. अचूक अंदाजाचे आश्वासनही नाही. हंगामी मालाचा अंदाज चुकणारच. किती चुकेल, कोणत्या बाजूला चुकला तर परवडेल, आणि चुकल्याचे किती लवकर कळेल, एवढे आपल्या हातात असते आणि तेवढ्यावरच धंदा टिकतो.

वाचकांना एक विनंती. पुस्तक वाचून होईपर्यंत थांबू नका. आजच वहीत चार रकाने आखा: तारीख आणि वार, तिथी, काय किती खपले, आणि काय कधी संपले. चौथ्या रकान्यात परत गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एक रेघ मारा. एक चतुर्थी, एक दिवाळी, एक जत्रा आणि एक मे महिना एवढ्या नोंदी झाल्या, की हे पुस्तक पुन्हा उघडा. तेव्हा त्यातली उदाहरणे सोडून द्या आणि त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घाला.